घरातील वीजकाम झाल्यावर कोणते कागद घ्यावेत? पावर हाउस (भिलाई) परिसरातील लाभार्थींसाठी माहिती

वायरिंग बदलून झाली, दिवे लागले, पंखे फिरले, मिस्त्रीचे पैसेही देऊन झाले. बहुतेक घरांत काम इथेच संपले असे समजतात. पुढे चार-सहा महिन्यांनी सौर पॅनेलसाठी किंवा भार वाढवण्यासाठी अर्ज करायला गेल्यावर काउंटरवर विचारणा होते, "टेस्ट रिपोर्ट कुठे आहे?" तोपर्यंत मिस्त्री दुसऱ्या कामावर गेलेला असतो आणि फोन उचलत नाही.

हा लेख भिलाईतील पावर हाउस, कॅम्प आणि आसपासच्या वस्त्यांत राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे. येथील अर्ज आणि बिले हिंदीत असतात. म्हणून कागदावर जो हिंदी शब्द दिसेल, तोही ठिकठिकाणी दिला आहे.

थोडक्यात

- नवी वायरिंग, वाढीव वायरिंग किंवा दुरुस्ती झाल्यावर तीन कागद घ्या: पक्के बिल, परवानाधारक ठेकेदाराने सही केलेला परीक्षण अहवाल (टेस्ट रिपोर्ट) आणि ठेकेदाराच्या परवान्याची प्रत.
- हे कागद शेवटचा हप्ता देण्यापूर्वी घ्या.
- काम झाल्यावर वीजबिलावरील नाव, पत्ता आणि मंजूर भार बरोबर आहे का ते तपासा.
- बल्ब, पंखा, फ्यूज किंवा स्विच जसाच्या तसा बदलला असेल, तर या कागदांची गरज नाही.

आधी पाहा: तुमच्या घरी वीज कोणाकडून येते?

पावर हाउस परिसरात हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण येथे वीज देणाऱ्या यंत्रणा दोन आहेत.

कॅम्प-१, कॅम्प-२, नंदिनी रोड, जवाहर मार्केट अशा टाउनशिपबाहेरील भागांत छत्तीसगढ राज्य वीज वितरण कंपनी (सीएसपीडीसीएल) वीज पुरवते. अर्ज कंपनीच्या जोन कार्यालयात करायचा असतो. भिलाई महापालिकेचीही जोन कार्यालये आहेत. ती वेगळी आहेत, तेथे वीजजोडणीचे काम होत नाही. घाईत अनेक जण चुकीच्या जोनमध्ये रांग लावतात.

सेक्टरमधील टाउनशिपमध्ये भिलाई इस्पात संयंत्राचा नगर विद्युत विभाग (टीईईडी) वीज पुरवतो. तुमचे क्वार्टर किंवा लीजचे घर तेथे असेल, तर वायरिंगला हात लावण्यापूर्वी त्या विभागाची परवानगी लागते का ते विचारा. क्वार्टर संयंत्राच्या मालकीचे असते, त्यामुळे आपल्या मनाने केलेला बदल पुढे आपल्याच अंगावर येऊ शकतो.

बिलाच्या वरच्या बाजूला पुरवठादाराचे नाव असते. सीएसपीडीसीएलच्या बिलावर "बीपी नंबर" हा दहा अंकी क्रमांक असतो. प्रत्येक अर्जात तो लागतो, म्हणून वेगळा लिहून ठेवा.

कोणत्या कामाला कागद लागतात?

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा आणि वीजपुरवठ्याविषयीचे विनियम देशभर लागू आहेत. पूर्वी २०१० चे विनियम होते, आता २०२३ चे आहेत. त्यांचा गाभा असा: घरातील विजेचे नवे काम, वाढीव काम, फेरबदल किंवा दुरुस्ती राज्य सरकारचा परवाना असलेल्या ठेकेदारानेच करावी. कामावर सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीची देखरेख असावी आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्याकडे परमिट असावे.

जोडणीची क्षमता किंवा स्वरूप न बदलता दिवा, पंखा, फ्यूज, स्विच किंवा घरगुती उपकरण बदलणे यातून वगळले आहे. म्हणजे:

- जळालेला स्विच काढून तसाच नवा बसवला: कागद नको.
- मागे नवी खोली काढली आणि तिथपर्यंत वायर नेली: कागद हवा.
- गीझर किंवा एसीसाठी वेगळी लाईन टाकली: कागद हवा.
- जुनी वायरिंग काढून सगळे घर नव्याने केले: कागद हवा.
- मेन स्विच, एमसीबी बॉक्स किंवा अर्थिंग नव्याने केले: कागद घेणेच चांगले.

येथे एक गैरसमज नेहमी होतो. आयटीआयचे इलेक्ट्रिशियन प्रमाणपत्र म्हणजे ठेकेदाराचा परवाना नव्हे. ते शिक्षण पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र आहे. परवाना राज्याचे विद्युत अनुज्ञापन मंडळ देते आणि त्यावर क्रमांक व मुदत लिहिलेली असते. तुमचा मिस्त्री हाताने कितीही चांगला असला, तरी परवाना नसेल तर त्याची सही अहवालावर चालत नाही. तो एखाद्या परवानाधारक ठेकेदाराकडे काम करत असेल, तर त्या ठेकेदाराची सही घ्या.

गोंदिया, नागपूर किंवा गावाकडून ओळखीचा माणूस बोलावणार असाल, तर त्याचा परवाना छत्तीसगढमध्ये ग्राह्य धरतील का, हे काम सुरू होण्यापूर्वी जोन कार्यालयात विचारून घ्या.

तीन कागद आणि त्यांचा उपयोग

१. पक्के बिल. त्यावर दुकानाचे किंवा ठेकेदाराचे नाव, तारीख, तुमचा पत्ता आणि काय काम केले ते हवे. "वायरिंग काम, एकूण इतके रुपये" एवढेच लिहिलेले बिल पुढे कामाला येत नाही. किती पॉइंट काढले, कोणत्या जाडीची वायर वापरली, एमसीबी किती अँपिअरचे आहेत, अर्थिंग नवे केले की जुनेच ठेवले, हे लिहून घ्या. वायर, एमसीबी आणि सॉकेटवर आयएसआय चिन्ह पाहा. घरात साधारणपणे दिव्यांसाठी १.५, पॉवर सॉकेटसाठी २.५ आणि गीझर किंवा एसीसाठी ४ चौरस मिलिमीटरची वायर वापरतात. बिलावर जाडी लिहिलेली असेल, तर पुढे वायर तापली तेव्हा काय ठरले होते ते दाखवता येते.

२. परीक्षण अहवाल. हिंदी कागदावर यालाच "परीक्षण प्रतिवेदन" किंवा "टेस्ट रिपोर्ट" म्हणतात. नवी किंवा वाढीव वीज जोडण्यापूर्वी पुरवठादार घराची तपासणी स्वतः करतो, किंवा परवानाधारक ठेकेदाराने सही केलेला अहवाल मान्य करतो. तिन्ही कागदांत हा सर्वांत महत्त्वाचा.

३. परवान्याची प्रत. ठेकेदाराच्या परवान्याचा फोटो घेतला तरी चालेल. नाव, परवाना क्रमांक आणि मुदतीची तारीख स्पष्ट दिसली पाहिजे. अहवालाच्या तारखेला परवान्याची मुदत संपलेली नसावी.

परीक्षण अहवालात काय पाहावे?

अहवाल तांत्रिक असतो, तरीही पुढील गोष्टी घरातल्या कोणालाही तपासता येतात.

- पत्ता आणि बीपी नंबर तुमचाच आहे का? छापील नमुन्यात शेजारच्या घराचा नंबर राहून जाऊ शकतो.
- इन्सुलेशन मोजल्याचा आकडा आहे का? मेगर नावाच्या यंत्राने ५०० व्होल्ट देऊन वायर आणि अर्थ यांच्यामध्ये एक मिनिट मोजणी करतात. आकडा किमान १ मेगओम हवा. नुसते "ठीक" लिहिले असेल, तर आकडा लिहायला सांगा.
- अर्थिंगची नोंद आहे का? अर्थिंग नसेल तर फ्रिज, कूलर किंवा मोटरच्या पत्र्यात वीज उतरू शकते. उन्हाळ्यात पाण्याने भरलेल्या लोखंडी कूलरला ओल्या हाताने स्पर्श होतो, तेव्हा हाच धोका असतो.
- आरसीसीबीची नोंद आहे का? याला पुष्कळ जण ईएलसीबी म्हणतात. वीज गळू लागली की हे उपकरण पुरवठा लगेच तोडते. घरासाठी ते ३० मिलिअँपिअरचे असावे. त्यावरील "टेस्ट" बटण मिस्त्रीसमोर दाबून पाहा. वीज गेली पाहिजे. पुढेही महिन्यातून एकदा बटण दाबून पाहा.
- एकूण जोडलेला भार लिहिला आहे का? बिलावरील मंजूर भाराशी याचा संबंध आहे.
- सही, शिक्का, परवाना क्रमांक आणि तारीख आहे का?

मिस्त्रीने मेगर आणलेच नाही आणि अहवालात आकडे मात्र लिहिले, तर तो अहवाल घेऊ नका. "पाचशे रुपये द्या, सही आणून देतो" असे कोणी म्हटले तरी नको म्हणा. त्या कागदाने काउंटरवरचे काम कदाचित होईल, पण घरातील दोष तसाच राहील. शिवाय घर तपासलेले आहे अशी तुमची समजूत होईल. अशी खोटी खात्री कागद नसण्यापेक्षा वाईट.

पैसे देताना काय क्रम ठेवावा?

कामाआधीच बोलून ठेवा: "टेस्ट रिपोर्ट आणि पक्के बिल दिल्यावर शेवटचा हप्ता." हे आधी सांगितले की भांडण होत नाही. काही ठेकेदार रिपोर्टसाठी वेगळे पैसे मागतात. ती रक्कमही सुरुवातीलाच ठरवून घ्या. काम संपण्याच्या दिवशी घरातील एका व्यक्तीने हजर राहावे आणि मोजणी डोळ्यांसमोर करून घ्यावी.

मंजूर भार: काम झाल्यावर हे राहून जाते

बिलावर "स्वीकृत भार" असा शब्द असतो. तुमच्या घरासाठी एका वेळी किती किलोवॅट वीज मंजूर आहे, ते त्यातून कळते. नवी उपकरणे आली की हिशोब पुन्हा करावा. उदाहरण पाहा:

- ३ पंखे: २२५ वॅट
- ६ एलईडी दिवे: ६० वॅट
- टीव्ही: १०० वॅट
- फ्रिज: २०० वॅट
- कूलर: २०० वॅट
- पाण्याची छोटी मोटर: ३७५ वॅट
- गीझर: २,००० वॅट
- एसी: १,५०० वॅट

एकूण ४,६६० वॅट, म्हणजे साडेचार किलोवॅटपेक्षा थोडे जास्त. बिलावर मंजूर भार १ किंवा २ किलोवॅट असेल, तर भारवाढीचा (हिंदीत "भार वृद्धि") अर्ज करावा. तुमच्या उपकरणांवर लिहिलेले वॅट पाहून स्वतःचा हिशोब करा, वरील आकडे अंदाजासाठी आहेत.

स्मार्ट मीटर बसलेल्या घरांसाठी केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत २०२३ मध्ये एक तरतूद आली. आर्थिक वर्षात किमान तीन वेळा मंजूर भारापेक्षा जास्त मागणी नोंदली गेली, तरच त्या आधारावर मंजूर भार वाढवता येतो. तसेच मीटर बसण्यापूर्वीच्या काळासाठी, नव्या मीटरवर दिसलेल्या जास्तीच्या मागणीवरून दंड लावता येत नाही.

भार वाढल्यावर बिलातील स्थिर आकार वाढू शकतो. दारिद्र्यरेषेखालील (बीपीएल) कुटुंबांना महिन्याला ३० युनिट मोफत मिळतात. तुमची जोडणी या प्रकारातील असेल, तर भार वाढवल्यावर सवलत टिकेल का ते अर्जापूर्वी जोन कार्यालयात विचारा. राज्याची अर्ध्या वीजबिलाची सवलत १ मार्च २०१९ पासून सुरू झाली आणि तिची युनिट मर्यादा नंतर बदलली. त्यामुळे शेजाऱ्याच्या जुन्या अनुभवावर न जाता आपल्या चालू बिलावर सवलतीची ओळ पाहा. थकबाकी ठेवू नका, सवलतीसाठी बिल वेळेवर भरलेले असावे लागते.

पुढच्या खोलीत दुकान असेल तर आणखी एक काळजी घ्या. घरगुती जोडणीवरून दुकान चालवणे हा विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १२६ खाली "अनधिकृत वापर" ठरू शकतो. त्याची आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. नवी वायरिंग करतानाच दुकानाची लाईन वेगळी काढा आणि तिच्यासाठी वेगळ्या जोडणीची चौकशी करा.

बिलावर नाव कोणाचे आहे?

समजा, कॅम्प-२ मधील एका घरात सून आणि मुले राहतात. घर सासऱ्यांनी बांधले, त्यांना जाऊन दहा वर्षे झाली, पण बिल आजही त्यांच्याच नावाने येते. बिल भरले जाते, म्हणून कोणाला अडचण वाटत नाही. सौर पॅनेलच्या अर्जाच्या वेळी मात्र ग्राहकाचे नाव, ओळखपत्र आणि बँक खाते जुळत नाही आणि अर्ज तिथेच थांबतो.

म्हणून वायरिंगच्या कामाबरोबरच नावबदलाचा ("नाम परिवर्तन") अर्जही द्या. सामान्यतः मृत्यू प्रमाणपत्र, घराचा पुरावा (रजिस्ट्री, पट्टा किंवा मालमत्ता कराची पावती), वारसांची संमती, ओळखपत्र आणि शेवटचे भरलेले बिल लागते. नेमकी यादी कार्यालयातून लिहून घ्या.

पीएम सूर्यघर योजना: येथे कागद सर्वाधिक उपयोगी पडतात

पीएम सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. देशातील एक कोटी घरांच्या छतांवर सौर पॅनेल बसवणे हे तिचे उद्दिष्ट आहे. केंद्राचे अनुदान असे आहे:

- १ किलोवॅट: ३०,००० रुपये
- २ किलोवॅट: ६०,००० रुपये
- ३ किलोवॅट किंवा जास्त: ७८,००० रुपये

छत्तीसगढ सरकारने २०२५ मध्ये त्यात राज्याची मदत जोडली: १ किलोवॅटसाठी १५,००० रुपये, २ किलोवॅट किंवा जास्तसाठी ३०,००० रुपये. म्हणजे ३ किलोवॅटला दोन्ही मिळून १,०८,००० रुपये होतात.

अर्जाचा क्रम असा: राष्ट्रीय पोर्टलवर ग्राहक क्रमांकाने नोंदणी, नोंदणीकृत विक्रेत्याची निवड, पॅनेल बसवणे, नेट मीटरसाठी अर्ज, वितरण कंपनीची तपासणी, कार्यान्वयन प्रमाणपत्र आणि शेवटी बँक तपशील. त्यानंतर अनुदान खात्यात जमा होते. १० किलोवॅटपर्यंतच्या परिपूर्ण अर्जाला २०२४ च्या नियमबदलानंतर तांत्रिक व्यवहार्यतेची वेगळी तपासणी लागत नाही. त्यासाठी लागणारी भारवाढही वितरण कंपनीनेच करायची आहे.

पॅनेलची वीज तुमच्या घरातील वायरिंगमधूनच फिरणार आहे. जुनी, जागोजागी जोडलेली वायरिंग आणि नावापुरते अर्थिंग असेल, तर आधी ते दुरुस्त करून परीक्षण अहवाल घ्या. सौर कामाचे कागदही वेगळे मागा: विक्रेत्याशी झालेला करार, पॅनेल आणि इन्व्हर्टरचे क्रमांक, वॉरंटी कार्ड आणि पाच वर्षांच्या देखभालीची लेखी हमी.

कागद घ्यायचे राहून गेले असेल तर?

घाबरू नका. जुना मिस्त्री सापडत नसेल, तर दुसऱ्या परवानाधारक ठेकेदाराला बोलावून सध्याच्या वायरिंगची मोजणी करून घ्या. दोष निघाला तर आधी दुरुस्ती, मग अहवाल. मागची तारीख टाकायला सांगू नका. तपासणी ज्या दिवशी झाली, तीच तारीख बरोबर.

मीटरच्या पुढची, म्हणजे घरातील वायरिंग ही ग्राहकाची जबाबदारी असते. विजेचा अपघात झाला, तर विद्युत निरीक्षक चौकशी करतो आणि दोष कुठे होता हे पाहतो. अशा वेळी घरातले काम कोणी केले आणि कधी तपासले, हे सांगायला हाच कागद असतो.

अर्ज अडला तर कुठे जावे?

अर्ज दिला की पावती किंवा अर्ज क्रमांक घ्या. केंद्राच्या २०२४ च्या नियमानुसार शहरी नगरपालिका क्षेत्रात नवी जोडणी किंवा जोडणीतील बदल परिपूर्ण अर्जानंतर जास्तीत जास्त ७ दिवसांत व्हावा. नवी लाईन टाकावी लागत असेल, तर वेळ जास्त लागू शकतो. कागद अपुरा आहे असे सांगितले, तर कोणता ते अर्जावरच लिहून मागा.

- पहिली तक्रार: जोन कार्यालय किंवा १९१२ हा क्रमांक. तक्रार क्रमांक लिहून ठेवा.
- त्यानंतर: विद्युत उपभोक्ता शिकायत निवारण फोरम.
- तेथेही समाधान झाले नाही तर: विद्युत लोकपाल.
- सूर्यघर योजनेसाठी: १५५५५.

ऑनलाइन अर्ज जमत नसेल, तर जवळच्या चॉइस सेंटरची मदत घ्या. ओटीपी मात्र स्वतःच टाका आणि बँक पासबुक तिथे ठेवून येऊ नका.

काउंटरवर दिसणारे हिंदी शब्द

- उपभोक्ता: वीज ग्राहक
- स्वीकृत भार: मंजूर भार
- भार वृद्धि: भार वाढवणे
- नाम परिवर्तन: नावात बदल
- परीक्षण प्रतिवेदन: तपासणीचा अहवाल
- अनुज्ञप्ति: परवाना
- बकाया: थकबाकी
- पावती: हिंदीतही पावती

एक पिशवी, एक जागा

पक्के बिल, परीक्षण अहवाल, परवान्याची प्रत, शेवटचे वीजबिल, घराचा पुरावा आणि अर्जांच्या पावत्या एकाच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. प्रत्येकाचा फोटो मोबाइलमध्ये काढा आणि घरातील आणखी एका व्यक्तीला पाठवा. एमसीबी बॉक्सच्या झाकणाच्या आत तपासणीची तारीख आणि ठेकेदाराचा नंबर कागदावर लिहून चिकटवा. रात्री वीज गेली आणि घरात मोठे कोणी नसले, तरी मुलांना तो नंबर लगेच सापडेल.